चढ दोनचा आला म्हणजे मोबिलिटी मिळाली असे नाही

सेंद्रिय अर्धवाहकाचा पातळ थर दोन इलेक्ट्रोडच्या मध्ये धरायचा, व्होल्टेज वाढवत प्रवाह मोजायचा, दोन्ही अक्षांवर लॉग घेऊन आलेख काढायचा, आणि चढ दोनच्या आसपास आला की मॉट-गर्नीचे सूत्र लावून मोबिलिटी, म्हणजे विद्युतक्षेत्रात वाहक किती सहज सरकतात याचे माप, काढायची. ही रीत इतकी सोपी आहे की तिच्यामागची अट सहज विसरली जाते. सूत्र लागू व्हायला धातूचा संपर्क थराला लागतील तितके होल (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा, ज्या धन प्रभारासारख्या वाहतात) किंवा इलेक्ट्रॉन पुरवू शकला पाहिजे. संपर्कच अपुरा असेल तर सूत्रातून निघणारा आकडा थराविषयी काही सांगत नाही. तो संपर्काचा दोष सांगतो, आणि दिसतो मात्र मोबिलिटीसारखा. म्हणून या लेखात सगळा भर एकाच प्रश्नावर आहे: वाहणारा प्रवाह थर ठरवतो आहे की संपर्क, हे कसे ओळखायचे?

आधी सूत्र. सापळे (वाहकांना अडकवून ठेवणाऱ्या जागा) नसलेल्या थरात, संपर्क ओहमिक, म्हणजे हवे तितके वाहक पुरवणारा, असताना, प्रवाहघनता म्हणजे नऊ अष्टमांश गुणिले परमिटिव्हिटी गुणिले मोबिलिटी गुणिले व्होल्टेजचा वर्ग, भागिले जाडीचा घन. सापेक्ष परमिटिव्हिटी ३, मोबिलिटी १०⁻⁴ चौ.सेंमी. प्रति व्होल्ट-सेकंद आणि जाडी १०० नॅनोमीटर घेतली, तर १ व्होल्टला प्रवाहघनता सुमारे ३० मिलिॲम्पिअर प्रति चौ.सेंमी. येते. जाडी २०० नॅनोमीटर केली की त्याच व्होल्टला ती आठपट घटून ३.७ वर येते. जाडीचा घन आहे हे विसरू नका: जाडी मोजताना १० टक्के चूक झाली तर मोबिलिटीत सुमारे ३० टक्के चूक होते. उपकरण कितीही महागडे असले तरी ही चूक भरून निघत नाही.

संपर्कावर काय घडते

पाठ्यपुस्तकातले चित्र असे असते: धातूचे वर्क फंक्शन (इलेक्ट्रॉन धातूबाहेर काढायला लागणारी ऊर्जा) एका बाजूला, थराचा होमो (भरलेली सर्वांत वरची पातळी) आणि लुमो (रिकामी सर्वांत खालची पातळी) दुसऱ्या बाजूला, दोघांच्या निर्वात पातळ्या (मोकळ्या, स्थिर इलेक्ट्रॉनची ऊर्जा) एका रेषेत, आणि फरक म्हणजे अडथळा. प्रत्यक्षात हे चित्र क्वचितच बरोबर ठरते. स्वच्छ धातूच्या पृष्ठभागाबाहेर इलेक्ट्रॉनांचा ढग थोडासा डोकावत असतो. त्यावर रेणू बसले की ते हा ढग आत दाबतात आणि धातूचे परिणामी वर्क फंक्शन अर्ध्या ते एक इलेक्ट्रॉनव्होल्टने खाली येते. निर्वातात साफ केलेले सोने ५.१ किंवा त्याहून जास्त दाखवते, पेंटासीन या सेंद्रिय अर्धवाहकाची आयनीकरण ऊर्जा ५ च्या आसपास असते, म्हणून होलसाठी अडथळा जवळजवळ शून्य असावा असे कागदावर दिसते. मोजल्यावर तो अर्ध्या इलेक्ट्रॉनव्होल्टच्या घरात निघतो. याउलट पेडॉट-पीएसएस या वाहक पॉलिमरचे वर्क फंक्शन सोन्यापेक्षा जास्त नसूनही त्याच रेणूंना ते अधिक चांगले होल पुरवते, कारण त्याच्या पृष्ठभागावर दाबून आत सारण्यासारखा मोकळा ढग नसतो. म्हणून धातू निवडताना तक्त्यातला वर्क फंक्शनचा आकडा ही फक्त सुरुवात समजावी.

अडथळ्याची किंमत घातांकी असते. खोलीच्या तापमानाला औष्णिक ऊर्जा ०.०२६ इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे. अडथळा दर ०.०६ ने वाढला की इंजेक्शन (संपर्कातून थरात वाहक शिरणे) दहापटीने घटते. साधारण ०.३ च्या वर गेलेला अडथळा १०० नॅनोमीटरच्या थरातही प्रवाहाला लगाम घालतो. प्रतिमा-आकर्षणाने, म्हणजे वाहक आणि धातूत उमटलेला त्याचा विरुद्ध प्रतिमा-प्रभार यांच्या ओढीने, अडथळा काहीसा खाली येतो, पण भाबडी आशा नको: १ व्होल्ट प्रति १०० नॅनोमीटर क्षेत्राला ही घट ०.०७ इलेक्ट्रॉनव्होल्ट असते, १० व्होल्टला ०.२२.

सेंद्रिय थरात आणखी एक अडचण आहे. परमिटिव्हिटी कमी असल्यामुळे विद्युतप्रभारांमधले आकर्षण दूरवर पोहोचते. ते औष्णिक ऊर्जेइतके होते ते अंतर इथे १८-१९ नॅनोमीटर आहे, सिलिकॉनमध्ये ५ च्या आत. त्यामुळे धातूतून थरात उडी मारलेला होल काही रेणू पुढे गेला तरी आपल्याच प्रतिमेच्या ओढीत असतो, आणि मोबिलिटी कमी असल्याने बरेचसे होल परत धातूत जातात. म्हणूनच इथे इंजेक्शनचा प्रवाहसुद्धा मोबिलिटीवर अवलंबून राहतो. तापमान बदलून संपर्क आणि थर वेगळे काढायचा प्रयत्न बहुधा फसतो तो याच कारणाने. दोघेही तापमानाबरोबर झपाट्याने बदलतात, आणि मोबिलिटी तर अव्यवस्थित थरात तापमानाच्या व्यस्ताच्या वर्गाप्रमाणे लॉगमध्ये घसरते.

संपर्क आणि जाडी यांनी किती फरक पडतो याची साक्ष या विषयाच्या इतिहासातच आहे. १९६३ मध्ये पोप, कालमन आणि मॅग्नान्ते यांनी अँथ्रासीनच्या स्फटिकातून प्रकाश मिळवला तेव्हा शेकडो व्होल्ट लागले होते. १९८७ मध्ये टँग आणि व्हॅन स्लाइक यांनी निर्वातात चढवलेले दोन थर आणि वर मॅग्नेशियम-चांदीचा कॅथोड वापरला, आणि १० व्होल्टच्या आत प्रखर प्रकाश मिळाला. दोन्ही थर मिळून जाडी १५० नॅनोमीटरपेक्षा कमी होती.

नमुना बनवताना

एकाच प्रकारचा वाहक वाहू द्यायचा असेल तर दोन्ही बाजूंचे संपर्क त्यानुसार निवडावे लागतात. होलसाठी खाली आयटीओवर (काचेवरचा पारदर्शक, वाहक ऑक्साइडचा थर) पेडॉट-पीएसएस, मग थर, वर ५ ते १० नॅनोमीटर मॉलिब्डेनम ट्रायऑक्साइड आणि ८० ते १०० नॅनोमीटर सोने, चांदी किंवा ॲल्युमिनियम. इलेक्ट्रॉनसाठी खाली ॲल्युमिनियम आणि वर कॅल्शियमवर ॲल्युमिनियम, किंवा ०.५ ते १ नॅनोमीटर लिथियम फ्लोराइडवर ॲल्युमिनियम. लिथियम फ्लोराइड स्वतः विद्युतरोधक आहे. एवढ्या पातळ थरात तो उपयोगी पडतो आणि ३ नॅनोमीटर झाला की प्रवाहच अडवतो, त्यामुळे इथे जाडीवर नियंत्रण नसेल तर कॅल्शियमच बरे.

काचपट्ट्या साबणपाणी, शुद्ध पाणी, ॲसिटोन आणि आयसोप्रोपॅनॉल अशा क्रमाने प्रत्येकी १० ते १५ मिनिटे अल्ट्रासॉनिक बाथमध्ये धुवाव्यात, नायट्रोजनने कोरड्या कराव्यात, आणि मग १५ मिनिटे यूव्ही-ओझोन द्यावा. ओझोन दिल्यावर आयटीओचे वर्क फंक्शन वाढते, पण हा लाभ टिकत नाही. पुढचा थर लगेच चढवावा. पेडॉट-पीएसएस गाळून, ३००० ते ४००० फेऱ्यांवर फिरवून सुमारे ४० नॅनोमीटरचा थर येतो, तो १२० ते १५० अंशांवर १० ते १५ मिनिटे तापवून पाणी घालवायचे. याचा कमी वाहकतेचा प्रकारच घ्यावा. जास्त वाहकतेचा घेतला तर तो आडवा प्रवाह नेतो, आणि धातूच्या पट्टीबाहेरचा भागही काम करू लागतो. मग ज्या क्षेत्रफळाने आपण भागतो ते खरे क्षेत्रफळ राहत नाही.

थर पी३एचटी या पॉलिमरचा असेल तर क्लोरोबेंझीनमध्ये मिलिलिटरला २० मिलिग्रॅम, ५० ते ६० अंशांवर रात्रभर ढवळून, ०.४५ मायक्रॉनच्या पीटीएफई गाळणीतून गाळून १००० ते १५०० फेऱ्यांवर फिरवले की १०० नॅनोमीटरच्या आसपासचा थर मिळतो. नेमकी जाडी प्रत्येक बॅचची वेगळी मोजावी, कारण रेणुभार, द्रावणाचे तापमान आणि स्पिन कोटरचे झाकण उघडे की बंद, या सगळ्यांचा तिच्यावर परिणाम होतो. जाडी मोजायला सुईने ओरखडा काढून प्रोफाइलमीटर चालवताना सुईचा दाब सर्वांत कमी ठेवावा; मऊ थरात सुई रुतते आणि पायरी खोटी दिसते. जाडीचा दुसरा पुरावा धारितेतून मिळतो. ४ चौ.मिमी. क्षेत्रफळ, १०० नॅनोमीटर जाडी आणि सापेक्ष परमिटिव्हिटी ३ असेल तर धारिता १.०६ नॅनोफॅरड येते. उलट्या व्होल्टेजला, थर रिकामा असताना, काही किलोहर्ट्झवर ती मोजावी. दोन्ही मापे जुळली नाहीत तर पुढे जाण्यात अर्थ नाही.

वरचा धातू चढवताना सर्वाधिक नमुने बिघडतात. सोन्याचे तापलेले अणू मऊ थरात शिरतात, आणि कधी कधी खालपर्यंत पोहोचून शॉर्ट करतात. पहिले ५ नॅनोमीटर सेकंदाला ०.०१ ते ०.०३ नॅनोमीटर इतक्या संथ गतीने चढवावे, नंतर गती वाढवावी. मॉलिब्डेनम ट्रायऑक्साइडचा थर मधे असला तर शिरकाव बराच रोखला जातो. पण तो ऑक्साइड आणि त्यावरचा धातू यांच्या दरम्यान व्हॅक्यूम मोडू नये. ताज्या ऑक्साइडचे वर्क फंक्शन ६.५ च्या वर असते, आणि हवा लागली की ते एक इलेक्ट्रॉनव्होल्ट किंवा त्याहूनही जास्त खाली येते. चेंबरमधला दाब १०⁻⁶ मिलिबारच्या आसपास हवा. क्वार्ट्झ स्फटिकाच्या मीटरमध्ये घनता बदलायला विसरणे ही चूक रोजची आहे: सोने १९.३, ॲल्युमिनियम २.७, बहुतेक सेंद्रिय पदार्थ १.३ च्या जवळपास.

आणि एक गोष्ट ध्यानात ठेवावी. एकच धातू खाली असताना आणि वर असताना सारखा संपर्क देत नाही. खालच्या धातूने हवा, द्रावक आणि ओझोन पाहिलेले असतात. वरचा धातू तापलेल्या अणूंच्या रूपाने येऊन थरात मिसळतो. दोन्ही बाजूंना सोने आहे म्हणून नमुना सममित मानणे चूक आहे.

दोनचा चढ कुठून कुठून येतो

थर खरोखर अवकाश-प्रभाराने, म्हणजे थरातच साचलेल्या वाहकांच्या प्रभाराने, मर्यादित असेल तर चढ दोन येतो. पण तोच चढ इतर वाटांनीही येऊ शकतो, आणि हे नीट समजून घेणे मला या साऱ्या विषयातले सर्वांत महत्त्वाचे काम वाटते.

पहिली वाट म्हणजे बिल्ट-इन व्होल्टेज. दोन्ही संपर्कांच्या वर्क फंक्शनमध्ये ०.७ इलेक्ट्रॉनव्होल्टचा फरक असेल, तर थरावर प्रत्यक्ष पडणारे व्होल्टेज तेवढ्याने कमी असते. ते वजा न करता लॉग आलेख काढला तर २ व्होल्टपाशी खरा चढ दोन असूनही तीनच्या वर दिसतो. आता उलट बाजूने विचार करा. प्रवाह सापळ्यांमुळे किंवा क्षेत्राबरोबर वाढणाऱ्या इंजेक्शनमुळे तीनच्या चढाने वाढतो आहे, आणि आपण मनाला येईल तेवढे व्होल्टेज वजा केले, तर चढ दोन होईपर्यंत आकडा फिरवता येतो. बिल्ट-इन व्होल्टेज स्वतंत्र पुराव्याने ठरवावे, वक्र जुळवण्याच्या सोयीने ठरवू नये. लॉग आलेखाऐवजी प्रवाहाचे वर्गमूळ विरुद्ध व्होल्टेज असा आलेख काढला तर सरळ रेषा अक्षाला कुठे छेदते ते दिसते, आणि लपवाछपवीला वाव कमी राहतो.

दुसरी वाट म्हणजे मालिकेतला रोध. १५ ओहम प्रति चौरस आयटीओची २ मिमी. रुंद पट्टी, पॅडपासून नमुन्यापर्यंत ६ मिमी.: म्हणजे तीन चौरस, ४५ ओहम. वरच्या उदाहरणातल्या थराला ५ व्होल्टला ७५० मिलिॲम्पिअर प्रति चौ.सेंमी. म्हणजे ४ चौ.मिमी. मधून ३० मिलिॲम्पिअर लागतात. एवढ्या प्रवाहाला पट्टीवरच १.३५ व्होल्ट पडतात. थरावर ५ व्होल्ट हवे असतील तर उपकरणाला ६.३५ द्यावे लागतील. हा रोध चढाला एककडे ओढतो. सापळ्यांमुळे तीन-चारचा चढ असेल आणि रोध त्याला खाली ओढत असेल, तर मधल्या एखाद्या पट्ट्यात दोनचा चढ निव्वळ योगायोगाने दिसतो. उपाय सोपा आहे: त्याच काचपट्टीवर सेंद्रिय थर नसलेला एक नमुना ठेवावा, धातू थेट आयटीओवर, आणि त्याचा रोध मोजून त्यावर पडणारे व्होल्टेज प्रत्येक बिंदूतून वजा करावे. पट्टीची दोन्ही टोके मोकळी ठेवली तर एका टोकातून प्रवाह देऊन दुसऱ्या टोकाला व्होल्टेज मोजता येते, ते अधिक चांगले. क्षेत्रफळ १ चौ.मिमी. पर्यंत घटवले तर प्रवाहच कमी होतो. तापण्याचा प्रश्नही त्याने थोडा सुटतो, कारण ५ व्होल्ट आणि ७५० मिलिॲम्पिअर म्हणजे प्रति चौ.सेंमी. पावणेचार वॅट, आणि काच उष्णता वाहून नेण्यात मंद आहे.

तिसरी गोष्ट उलट दिशेची आहे, ती चढ दोनपासून दूर नेते: क्षेत्राबरोबर वाढणारी मोबिलिटी. सेंद्रिय थरात ती क्षेत्राच्या वर्गमुळाच्या घातांकाने वाढते. १९७० मध्ये मर्गाट्रॉयडने यासाठी दिलेले सूत्र मॉट-गर्नीच्या प्रवाहाला e च्या (०.८९१ गुणिले गॅमा गुणिले क्षेत्राचे वर्गमूळ) एवढ्या घाताने गुणते; गॅमा म्हणजे मोबिलिटी क्षेत्राबरोबर किती झपाट्याने वाढते ते सांगणारा आकडा. सापळे नसलेल्या, उत्तम संपर्काच्या थरातही जास्त व्होल्टेजला चढ दोनच्या वर जातो, तो या कारणाने. म्हणजे दोनचा चढ न दिसणे हा दोष नव्हे, आणि दिसणे हा पुरावा नव्हे.

सापळ्यांचाही हिशोब करून पाहावा. घन सेंटिमीटरला १०¹⁷ सापळे आणि १०० नॅनोमीटर जाडी असेल तर ते भरायला सुमारे ३ व्होल्ट लागतात. जाडी दुप्पट केली की १२. त्या व्होल्टेजपाशी प्रवाह एकदम उसळतो. इलेक्ट्रॉनांच्या बाबतीत हे नेहमी भेटते, कारण अनेक पॉलिमरमध्ये निर्वात पातळीपासून ३.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट खाली सापळे असतात, आणि पाणी व ऑक्सिजन यांचा त्यात हात असल्याचे मानले जाते. लुमो ३ च्या आसपास असलेल्या पदार्थात इलेक्ट्रॉनचा प्रवाह होलपेक्षा कितीतरी कमी दिसतो, याचे कारण बहुतेक वेळा मोबिलिटी नसते, हे सापळे असतात.

दोन जाड्या, एक निर्णय

आता मुख्य कसोटी. त्याच पदार्थाचे, त्याच संपर्कांचे किमान दोन जाड्यांचे नमुने करावेत, शक्यतो १००, २०० आणि ३०० नॅनोमीटर. फिरवण्याची गती फार बदलून जाडी आणण्यापेक्षा द्रावणाची तीव्रता बदलावी. गतीतला मोठा फरक वाळण्याचा वेळ आणि त्याबरोबर रेणूंची मांडणी बदलतो, आणि मग आपण एकाच पदार्थाची तुलना करत नसतो.

आलेख काढताना आडव्या अक्षावर व्होल्टेज नको, क्षेत्र घ्या: म्हणजे बिल्ट-इन व्होल्टेज आणि रोधावर पडणारे व्होल्टेज वजा करून, जाडीने भागून. संपर्क मर्यादा घालत असेल तर इंजेक्शन फक्त क्षेत्रावर अवलंबून असल्यामुळे सगळ्या जाड्यांचे वक्र एकमेकांवर बसतात. थर मर्यादा घालत असेल तर त्याच क्षेत्राला २०० नॅनोमीटरचा प्रवाह १०० च्या निम्मा येतो, ३०० चा एक तृतीयांश. निर्णय इतका स्वच्छ दुसऱ्या कुठल्याही मापनातून मिळत नाही. मधले काही आले, समजा ०.७ पट, तर संपर्क आणि थर दोघेही प्रवाहाला मर्यादा घालत आहेत, आणि मॉट-गर्नीतून निघालेला आकडा मोबिलिटीची फक्त खालची मर्यादा समजावी.

याच नमुन्यांवर दोन्ही दिशांनी व्होल्टेज द्यावे. खालून होल गेले आणि वरून गेले, यात प्रवाह वेगळा आला तर दोन संपर्कांपैकी कोणता कमजोर आहे ते लगेच कळते. वर जाताना आणि खाली येताना वक्र वेगळे येत असतील तर सापळे भरत आहेत किंवा आयन सरकत आहेत. प्रत्येक बिंदूपाशी थांबण्याचा वेळ वाढवून पाहावा. हे सगळे अंधारात आणि नायट्रोजनमध्ये करायचे, ऑक्सिजन आणि पाणी १ पीपीएमच्या खाली ठेवून.

कमी व्होल्टेजचा एकच्या चढाचा भाग बरेचदा दुर्लक्षित राहतो, पण त्यातूनही कळते. तो शून्याच्या दोन्ही बाजूंना सारखा, नमुन्यागणिक वेगळा आणि खरखरीत असेल तर ती गळती आहे. कडांवरून थर पुसून घेतला आणि धातूच्या पट्टीखाली आयटीओची धारदार कड येऊ दिली नाही तर ती घटते. गुळगुळीत आणि पुन्हा पुन्हा सारखाच येत असेल तर दोन शक्यता उरतात. एक, ऑक्सिजनमुळे आलेली अशुद्धी: घन सेंटिमीटरला १०¹⁶ मोकळे होल असतील तर १०० नॅनोमीटरच्या थरात अर्ध्या व्होल्टपर्यंत एकचा चढ राहतो. दोन, थर पूर्ण शुद्ध असला तरी ओहमिक संपर्कांतून होल आपोआप आत पसरतात आणि तेवढ्याने वहन होते. यातही जाडीच निवाडा करते. अशुद्धीमुळे असेल तर हा प्रवाह जाडीच्या व्यस्त प्रमाणात घटतो, संपर्कातून पसरलेल्या होलमुळे असेल तर जाडीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात. त्यामुळे एकाच जाडीच्या नमुन्यावरून अशुद्धीचा आकडा देणे योग्य नाही.

ट्रान्झिस्टरमधून आलेली मोबिलिटी आणि या डायोडमधली मोबिलिटी जुळत नाही म्हणून गोंधळून जाऊ नये. ट्रान्झिस्टरच्या वाहिनीत घन सेंटिमीटरला १०¹⁸ ते १०¹⁹ होल दाटलेले असतात, डायोडमध्ये १०¹⁵ ते १०¹⁶. आधीचे होल खोल जागा व्यापून बसतात, नंतरच्यांना उथळ जागांवरून उड्या मारणे सोपे जाते, म्हणून त्याच पॉलिमरमध्ये दोन्ही आकड्यांत हजारपटीपर्यंत फरक पडू शकतो. प्रवाहाची दिशाही वेगळी असते: एकात थराच्या समांतर, दुसऱ्यात आरपार. संपर्काचा रोध मात्र ट्रान्झिस्टरलाही चुकत नाही. २० ते २०० मायक्रॉन लांबीच्या वाहिन्यांचा एकूण रोध लांबीसमोर मांडून रेषा शून्य लांबीपर्यंत नेली की जो उरतो तो संपर्काचा. तो प्रत्येक गेट व्होल्टेजला वेगळा काढावा, कारण गेटबरोबर तोही बदलतो. गेट वाढताना संपर्क एकाएकी सुधारत असेल तर वक्राला वाक पडतो, आणि त्या वाकाच्या उभ्या भागातून काढलेली मोबिलिटी खऱ्यापेक्षा कितीतरी मोठी येते. डायोडमध्ये वाईट संपर्क मोबिलिटी कमी दाखवतो, इथे जास्त दाखवू शकतो.